बोलता बोलता वाजवणे: ‘ओपस कॉन्ट्रा नातुराम’ बसवतानाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

ब्रिटिश संगीतकार ब्रायन फर्नीहो यांचं ‘ओपस कॉन्ट्रा नातुराम’ आजपासून हातात घेतलं. रचना पियानोसाठी, २००० सालची, पाव तासाच्या आसपासची. वाजवणाऱ्याने वाजवता वाजवता बोलायचंही आहे. त्यांच्या ‘शॅडोटाइम’ या ऑपेरात एकूण सात प्रवेश आहेत, त्यांतला हा चौथा, म्हणजे बरोबर मधला. ऑपेरा वाल्टर बेन्यामिन या तत्त्वज्ञावर आहे, संहिता चार्ल्स बर्नस्टीन यांची. पहिला प्रयोग २५ मे २००४ रोजी म्युनिकला झाला, तेव्हा पियानोवर निकोलस हॉजेस होते.

कार्यक्रम २६ सप्टेंबरला, इथे फ्रायबुर्गमध्येच, एका छोट्या सभागृहात. तारीख मी मागून घेतली. नाझींपासून सुटण्यासाठी फ्रान्सची सरहद्द ओलांडून स्पेनमधल्या पोर्तबौला पोचलेला बेन्यामिन २६ सप्टेंबर १९४० ला तिथल्या हॉटेलात मरण पावला, आणि ऑपेराचा पहिला प्रवेश त्याच्या आयुष्याच्या अखेरच्या संध्याकाळचा आहे. गावही योग्य आहे. बेन्यामिन १९१२ मध्ये इथल्या विद्यापीठात शिकायला आला होता आणि फर्नीहो १९७३ ते १९८६ इथल्या संगीत महाविद्यालयात शिकवत होते.

या नोंदी हे काम पुढे करणाऱ्यांसाठी. मला अशा नोंदी मिळाल्या असत्या तर फार उपयोग झाला असता.

आराखडा असा: फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वर बोटांत बसवायचे, एप्रिल-मेमध्ये लय पक्की करायची, जूनपासून त्यावर बोलणं चढवायचं.

२६ जानेवारी

पहिली अडचण कागदाची. छापील प्रत दाट आहे. एकेका मापात इतकं काही चालतं की पियानोवर ठेवून वाचताना डोळे दमतात. मोठ्या आकाराची छायाप्रत काढावी म्हटलं, तर जर्मन कायद्यानुसार संगीताच्या छापील नोटांची छायाप्रत प्रकाशकाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही, अगदी स्वतःच्या वापरासाठीसुद्धा. हाताने उतरवून घ्यायला मात्र मोकळीक आहे.

म्हणून उतरवून घेतेय. आलेखाचे मोठे कागद आणले (जाड पुठ्ठ्यांसकट साधारण ३५ युरो). एक सेकंद म्हणजे चार सेंटिमीटर, असं प्रमाण धरलं. छापील प्रतीत स्वरांमधलं अंतर वाचायच्या सोयीने ठेवलेलं असतं. माझ्या कागदावर ते काळाच्या मापाने आहे. एका मापाला कधी अर्धा तास लागतो, कधी संध्याकाळ.

सक्तीने करावं लागलेलं हे काम सगळ्यात उपयोगी ठरेल असं आत्ताच वाटतंय. उतरवताना प्रत्येक स्वराची जागा काढावी लागते, नुसतं वाचून पुढे जाता येत नाही.

९ फेब्रुवारी

लयीबद्दल विचारणा होते म्हणून एक उदाहरण देते. मूळ नोटा प्रकाशकाच्या हक्काच्या आहेत, म्हणून त्याच धर्तीचं पण मी स्वतः सरावासाठी बनवलेलं माप घेते.

माप तीन-आठचं (म्हणजे त्यात ‘आठवा’ या लांबीचे तीन स्वर), लय आठव्याला ५६ (मिनिटाला ५६ आठवे). म्हणजे एक आठवा १.०७ सेकंदांचा आणि पूर्ण माप ३.२१ सेकंदांचं. उजव्या हाताला या तीन आठव्यांच्या जागेत पाच बसवायचे आहेत. झालं, लय ५६ वरून ९३ वर गेली. आता त्या पाचांतल्या शेवटच्या तिघांच्या जागेत पुन्हा चार बसवायचे. लय १२४ च्या थोडी वर. डाव्या हाताला त्याच मापात एकसारखे सात.

हे मोजत वाजवता येत नाही. मनात तीन वेगवेगळे मेट्रोनोम ठेवायला गेलं की तिन्ही सुटतात. कागदावर काळाच्या प्रमाणात मांडलं तेव्हा वेगळंच दिसलं. उजव्या हाताचे शेवटचे चार स्वर १.२९, १.७७, २.२५ आणि २.७३ सेकंदांवर येतात, डाव्याचे त्यांच्या शेजारचे चार १.३८, १.८४, २.३० आणि २.७६ वर. उजवा हात प्रत्येक वेळी पुढे आहे, पण अंतर नऊ शतांशांवरून सात, पाच, दोन असं मिटत जातं आणि पुढच्या मापाच्या पहिल्या स्वरावर दोघे एकत्र पडतात. जिना उतरणारी दोन माणसं पायरीगणिक जवळ येत यावीत, तसं. सराव त्या मिटत जाणाऱ्या अंतराचा करायचा. आकडे फक्त ते अंतर दिसावं म्हणून.

प्रत्येक माप इतकं सोयीचं निघत नाही. पण दोन हातांत काहीतरी नातं असतंच, आणि ते शोधणं हे पहिलं काम.

२ मार्च

लहानपणी पुण्यात तबला शिकले होते, ते इथे कामाला आलं. चारात पाच म्हणजे कुआड, चारात सात म्हणजे बिआड, असं आमच्याकडे शिकवलं होतं. हातात घेण्याआधी तोंडाने पढंत करायची शिस्त होती. तीच लावली. पाचाला ‘तक तकिट’, साताला ‘तकिट तकधिमि’. दोन आठवड्यांत पहिल्या भागातली बरीच मापं उभी राहिली. ज्यांच्याकडे ही तालीम आहे त्यांनी ती वापरावीच. इथल्या सहकाऱ्यांना सातात अडखळायला होतं तिथे आपली जीभ आपोआप चालते.

मर्यादा मात्र दिसायला लागल्या आहेत. गुरुजींना फोनवर एक तुकडा ऐकवला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “सम कुठे आहे, बाळ?” लयकारीत कितीही दूर गेलं तरी परतायची जागा ठरलेली असते. इथे पुढच्या मापाची लांबीही वेगळी आणि लयही वेगळी. मापाची पहिली मात्रा येते, पण तिला समेचं वजन देऊन चालत नाही. दिलं की सगळं तुकड्या-तुकड्यांत ऐकू येतं. आता पढंत करताना पहिल्या मात्रेवर मुद्दाम जोर न देण्याचा सराव चालू आहे. वर्षानुवर्षांची सवय मोडायची असल्याने वेळ लागतोय.

२३ मार्च

संगणकावर क्लिक (मेट्रोनोमसारखे ठोके) तयार केली, प्रत्येक लयबदलासकट. ही करण्यात दोन शनिवार-रविवार गेले. आठवडाभर तिच्यावर वाजवलं आणि बंद केली.

कारण असं की क्लिकवर वाजवताना कान क्लिक पकडण्यात गुंततो, दोन हातांमधलं अंतर ऐकत नाही. क्लिक काढली की हात रिकामे. आता फक्त मापाच्या सुरुवातीला एक ठोका ठेवलाय, तोही आठवड्यातून एकदा तपासणीपुरता. रोज आलेखाचा कागद आणि पढंत एवढंच.

१८ एप्रिल

पहिला भाग आणि दुसऱ्याचा निम्मा हातात आला. लय मूळच्या साधारण दोन-तृतीयांश. मी आधी फर्नीहोंचं १९८१ चं ‘लेमा-आयकॉन-एपिग्राम’ वाजवलेलं असल्याने पोत ओळखीचा आहे. मनातून खूश आहे.

खर्चाचा हिशेब: घरी वाजवायच्या वेळा मर्यादित (आमच्या इमारतीत दुपारी एक ते तीन आणि रात्री दहानंतर बंद), म्हणून सरावाची खोली तासाला ११ युरोने घेते. महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास जातात. अशा रचनेला नोटांच्या किमतीपेक्षा खोलीचं भाडंच जास्त पडतं, हे आधीच धरून चालावं.

१ जून

आराखड्याप्रमाणे आज बोलणं चढवलं आणि सगळं कोसळलं.

पहिल्याच ओळीत. पाचाच्या आणि साताच्या जागा मी ज्या पढंतीवर बसवल्या होत्या, ती पढंत तोंडात होती. हळू, ओठांच्या आत, पण होती. तोंडाला मजकूर दिला तसे ‘तक तकिट’ गेले आणि त्यांच्यासोबत हातही गेले. उतारा हळू घेऊन पाहिला, फरक नाही. नुसता उजवा हात आणि बोलणं, तेही नाही. मजकूर पाठ नव्हता असं नाही. पाठ होता, पण वेगळा पाठ होता.

पाच महिन्यांचं काम बोटांत आहे आणि ते तोंड बंद ठेवून केलेलं आहे. खरं तर ज्या स्नायूंनी बोलायचं तेच मोजायला लावले होते.

४ जून

आईला व्हिडिओ कॉलवर दोन मिनिटं ऐकवलं. तिचा पाश्चात्त्य संगीताशी संबंध नाही. ती म्हणाली, “अगं, तू बोलायला लागलीस की वाजवणं मागे सरतं, आणि वाजवायला लागलीस की तू काय म्हणालीस ते मी विसरते. दोन वेगळी माणसं आहेत का ही?”

यापेक्षा नेमकं निदान मला कोणी दिलं नसतं. दोन वेगळी माणसं असावीत असंच मी ते बसवलं होतं.

८ जून

नवा आराखडा, उलटा. आधी बोलणं, मग बोटं.

पियानो बंद. आलेखाच्या कागदांवर स्वरांच्या वर मजकूर काळाच्या त्याच प्रमाणात लिहून काढला. त्यात श्वास कुठे घ्यायचा ते लाल पेन्सिलीने. मग खोलीत चालत नुसतं बोलायचं, श्वासासकट. हात मोकळे. चार दिवसांनी बोलणं चालू ठेवून मांडीवर फक्त डाव्या हाताचे स्वर, बोटांशिवाय, पूर्ण तळव्याने. मग उजवा. मग बंद झाकणावर. त्यानंतर पियानो.

या क्रमात पढंतीला जागाच नाही. हाताने स्वतःचं स्वतः मोजायचं. सुरुवातीला अशक्य वाटतं. मग लक्षात येतं की हाताला मोजायची गरज नसते, त्याला शब्दाशी असलेलं अंतर कळलं की पुरतं. जे मी फेब्रुवारीत दोन हातांमध्ये शोधलं होतं तेच आता तोंड आणि हात यांच्यात शोधायचं आहे. अक्षर आधी की स्वर आधी, आणि किती आधी.

हे सगळं पहिल्या दिवशी सुरू केलं असतं तर वसंत ऋतू वाचला असता. कोणी ही रचना किंवा बोलत्या पियानोवादकाची कोणतीही रचना घेत असेल तर त्याने कृपा करून आवाज शेवटी चढवू नये. फर्नीहोंच्याच ‘टाइम अँड मोशन स्टडी’मधल्या दुसऱ्या रचनेत चेलोवादकाला आवाज लावावा लागतो. तिथेही हेच लागू पडेल असं वाटतं.

२२ जून

शरीराच्या तक्रारी. डावा हात पार खालच्या स्वरांवर उडी मारतो तेव्हा धड वाकतं, बरगड्या दबतात आणि आवाज कापतो. नुसतं वाजवताना हे कधीच कळलं नव्हतं. बैठक दोन सेंटिमीटरने उंच केली, थोडी डावीकडे सरकवली. पन्नास टक्के सुटलं. उरलेलं श्वासाच्या जागा हलवून. उडीच्या आधी श्वास घ्यायचा नाही, उडीत सोडायचा.

दुसरी तक्रार जबड्याची. जोरात वाजवताना दात आवळले जातात. माझे तरी जातात, आणि इतरांना विचारलं तर बहुतेकांचे जातात. आवळलेल्या जबड्यातून व्यंजनं बाहेर पडत नाहीत, नुसते स्वर येतात आणि शब्द कळत नाही. उपाय: जोराच्या स्वरगुच्छावर पडणारं व्यंजन केसभर आधी टाकायचं. ‘क’, ‘ट’, ‘प’ हे स्वतःच आघात आहेत. ते पियानोच्या आघाताखाली गेले तर वाया जातात, आधी पडले तर पियानो त्यांच्यातून उगवल्यासारखा वाटतो. जोर मनगटात ठेवून जबडा सैल ठेवायचा सराव आरशासमोर. कंटाळवाणा आहे, टाळू नये.

६ जुलै

सूर कोणता लावायचा, हा प्रश्न इतके दिवस पुढे ढकलत होते. बेन्यामिनचा मृत्यू, अधोलोकात उतरणं, हे सगळं डोक्यात असल्याने मी खर्जात, जड आवाजात बोलत होते. ध्वनिमुद्रण ऐकलं. प्रत्येक वाक्य श्रद्धांजलीसारखं. असह्य.

प्रवेश काय आहे ते पुन्हा पाहिलं. बोलणारा शोकाकुल नाही. तो विदूषक आणि व्याख्याता आहे, लिबराची या अमेरिकन कलावंतासारखा लास व्हेगासचा पियानोवादक, आणि तो बेन्यामिनच्या छायेला खाली घेऊन जातो. मागे मूकपट चालावा, त्यात शतकाच्या वळणावरचं बर्लिनचं कॅबरे, मध्ययुगीन चक्रव्यूह आणि लास व्हेगासचा झगमगाट असावा, अशी संगीतकाराची कल्पना. म्हणजे हा माणूस मनोरंजन करतो. नरकाच्या दारात उभा राहून तो प्रेक्षकांना धरून ठेवतोय. त्याला जड आवाज परवडणार नाही.

दुसरा धागा बेन्यामिनकडूनच मिळाला. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९३३ पर्यंत त्याने बर्लिन आणि फ्रँकफुर्टच्या रेडिओवर पुष्कळ भाषणं केली, त्यांतली बरीचशी मुलांसाठी. त्याच्या आवाजाचं एकही मुद्रण उरलेलं नाही, पण संहिता उरल्या आहेत. त्या वाचल्या. बाजारातले फसवे, भूकंप, बर्लिनची बोली, असे विषय, आणि सांगणं अगदी जवळ बसल्यासारखं. अवघड गोष्ट अवघड आवाजात सांगायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो सूर घेतला. मायक्रोफोनशी जवळ, हलका, पुढे काय होणार याची उत्सुकता असलेला. एका दिवसात वाजवणंही मोकळं झालं. बोलणाऱ्याला घाई नसली की हातालाही नसते.

माझ्या मते ही रचना कठीण म्हणून प्रसिद्ध झाली यात तिचं नुकसान झालं. तिच्यात एक माणूस गोष्ट सांगतोय. ते ऐकू आलं नाही तर सगळी पाचात-सातांची गणितं नुसती कसरत उरते.

३ ऑगस्ट

पानं उलटणं. आलेखाचे कागद पुठ्ठ्यांवर चिकटवून घडीचे पट्टे केले, पियानोच्या नोटाघरावर एका वेळी तीन मावतात. टॅब्लेट आणि पेडलचाही प्रयोग केला, पण पडदा लहान पडतो आणि डावा पाय आधीच कामात आहे. शेजारी उलटणारा माणूस हवाच. त्याला मजकूर पाठ पाहिजे, नोटा नव्हेत. शब्दावर उलटायला सांगितलं की चुकत नाही.

२४ ऑगस्ट

सभागृहात ध्वनीची पहिली चाचणी. मायक्रोफोन भाड्याने, दोन प्रकारचे, दोन दिवसांचे ६० युरो.

स्टँडवरचा मायक्रोफोन बाद. माझं डोकं स्थिर राहत नाही, आणि त्यात हातोड्यांचा आवाज, पुठ्ठ्यांची खसखस, पेडलचा धप्प, सगळं माझ्यापेक्षा स्पष्ट येतं. डोक्याला लावायचा घेतला. ‘प’ आणि ‘फ’ वर फटके येत होते. तो ओठांसमोरून काढून गालाकडे, तोंडाच्या कोपऱ्यामागे नेला आणि थांबले.

मग शिट्टी. ध्वनिक्षेपक पियानोच्या मागे ठेवले होते, म्हणजे आवाज वाद्यातूनच येतोय असं वाटेल. पण पूर्ण उघड्या झाकणावरून आवाज परत मायक्रोफोनमध्ये येत होता. तंत्रज्ञाने आधी आवाज कमी केला, तेव्हा मागच्या रांगांना शब्द कळेनात. शेवटी झाकण अर्ध्या टेकूवर, क्षेपक झाकणाच्या पुढे, जमिनीवर, आणि १५० हर्ट्‌झच्या खालचं सगळं कापलं. माझ्या आवाजाचा पाया थोडा पातळ झाला, पण तो रेडिओच्या सुराला उलट बराच शोभतो.

चार तास गेले. त्यांतला अर्धा वेळ क्षेपक हलवण्यात. इतरांनी थेट जमिनीवर ठेवूनच सुरू करावं.

७ सप्टेंबर

लिबराचीच्या पियानोवर मेणबत्त्यांचं झाड असायचं, म्हणून एक आणायचं ठरवलं होतं. सभागृहात उघडी ज्योत चालत नाही. दिव्यांच्या मेणबत्त्या घेतल्या, ४० युरो. मित्रमंडळींसमोर करून पाहिलं. लोक मेणबत्त्यांकडे बघत बसले. दोघांनी नंतर त्यांच्याबद्दलच विचारलं, शब्दांबद्दल कोणी नाही. काढून टाकल्या. मूकपट नसताना एकटी वस्तू जरुरीपेक्षा जास्त बोलते. साधा काळा वेश, एक दिवा चेहऱ्यावर आणि एक हातांवर.

चेहऱ्यावर दिवा मात्र पाहिजेच. ओठ दिसले की अर्धे शब्द डोळ्यांनी ऐकू येतात. हे चाचणीत दिवा बंद-चालू करून पाहिलं. फरक मोठा आहे.

२१ सप्टेंबर

पूर्ण तालीम. लय मूळच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास. शंभर होणार नाही, आणि आता मी ती ओढायची नाही असं ठरवलंय. छापलेली लय आणि माझी लय यांतलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे. अवघड जागी हळू आणि सोप्या जागी मूळ लय, असं केलं तर जिथे रचना तुटायला नको तिथे तुटते.

सुटलेल्या जागा तिसऱ्या भागात आहेत. काही मापांत मला दोन हात आणि आवाज तिन्ही पूर्ण मिळत नाहीत. निवड करावी लागली तर काय सोडायचं, यावर बराच विचार केला. आवाज कधीच नाही. मग ज्या हाताचा स्वर शब्दाच्या जवळ आहे तो धरायचा, दुसऱ्यातले एक-दोन आतले स्वर सोडायचे. कोणते, ते कागदावर पेन्सिलीने आधीच खूण करून ठेवले. ऐनवेळी ठरवायला गेलं तर तोंडच बंद पडतं.

२६ सप्टेंबर

झालं. सत्तरेक लोक. सूर लावणाऱ्याला दुपारी बोलावलं होतं (१२० युरो), तरी दिव्यांच्या उष्णतेने वरचे दोन सूर मध्यंतरापर्यंत सरकले. चाचणीतही दिवे पूर्ण वेळ चालू ठेवून मगच सूर लावायला हवे होते.

पहिला भाग घाईत गेला. दुसऱ्यात स्थिरावले. तिसऱ्यात एका ठिकाणी पुढचा शब्द येईना. हात चालू राहिले, तीन-चार सेकंदांनी शब्द सापडला आणि त्याच्या जागी बसला. जूनमध्ये असं झालं असतं तर हातही थांबले असते. या एका गोष्टीचं मला फार समाधान आहे.

सुरुवातीला मी बेन्यामिनबद्दल दोन मिनिटं बोलले होते, मराठी ढंगाच्या माझ्या जर्मनमध्ये. पुढच्या वेळी ते छापील पत्रकात देईन. वाजवण्याआधी एका आवाजात बोलून मग दुसऱ्या आवाजात शिरायला मला दीड मिनिट लागलं, आणि पहिल्या भागाची घाई तिथूनच आली.

५ ऑक्टोबर

ध्वनिमुद्रण ऐकलं. शब्द सभागृहाच्या मध्यापर्यंत स्वच्छ. मी मुद्दाम आवाज खाली नेला होता त्या जागांवर, शेवटच्या तीन रांगांत पियानोचा मधला भाग शब्द खातो. तिथे आवाज वाढवणं हा उपाय नाही, सूरच बदलेल. मधल्या पट्टीतले स्वर अर्ध्या पेडलऐवजी पेडलशिवाय घेऊन पाहणार आहे, आणि ध्वनिक्षेपकांची आणखी एक जोडी मागे, खूप हलकी.

एकूण खर्च, खोलीचं भाडं धरून, दोन हजार युरोंच्या थोडा वर. तिकिटांतून साडेसहाशे आले. हक्काच्या मोबदल्यासाठी कार्यक्रमाची यादी आयोजकांनी गेमा या जर्मन संगीतहक्क संस्थेकडे पाठवली. ते काम वादकाने स्वतःवर घेऊ नये, पण झालंय ना ते विचारून घ्यावं.

पुढचा प्रयोग मार्चमध्ये. तिसऱ्या भागातली खूण केलेली मापं उद्यापासून, आधी चालत, नुसतं बोलून.